निळ्या फुलाचे गुण

भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत दर डिसेंबरात फुलांचं प्रदर्शन भरायचं, आणि दर डिसेंबरात गुणाबाई बोरकरांचा डेलिया पहिला यायचा. एक्याऐंशी सालीही तो आला. ताटाएवढं लालभडक फूल. परीक्षक बापूराव काळीकर नागपूरहून आले होते. सरकारी बागांचे निवृत्त अधीक्षक, डोक्यावर काळी टोपी, खिशात शिंप्याचा टेप. त्यांनी डेलियावर टेप धरला, माप मोठ्यानं वाचलं आणि क्लबच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

गिरजाबाई खोब्रागडे तेव्हा टेबलाच्या पार शेवटच्या टोकाला उभ्या होत्या. त्या कॉलनीच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होत्या आणि प्रदर्शनात पहिल्यांदाच काही घेऊन आल्या होत्या. त्यांच्या लाकडी टोपलीत माती नव्हती, नुसता कोळसा आणि विटांचे तुकडे. त्यात मुळं लोंबकळणारं एक झाड आणि झाडाला फुलांची एक दांडी. फुलं आकाशी निळी, पाकळ्यांवर गडद रेघांची जाळी. शिलाँगकडून बदलून आलेल्या एका साहेबांच्या बायकोनं परत जाताना हे ऑर्किड त्यांच्या हवाली केलं होतं. "इथल्या उन्हाळ्यात हे जगणार नाही," ती म्हणाली होती, "पण टाकून देववत नाही."

बापूराव त्या टोपलीपाशी बराच वेळ थांबले. टेप काढला, परत खिशात ठेवला. मग क्रोटन आणि निवडुंगाच्या बरोबरीनं 'इतर' म्हणून तिला उत्तेजनार्थ बक्षीस देऊन पुढे गेले.

गिरजाबाईंनी त्यांना दारात गाठलं.

"साहेब, रागावू नका, पण एक विचारते. त्या डेलियाच्या मागच्या पाकळ्या काळ्या पडल्या हायेत. उलटा करून पाहाल तर दिसन. तरी तो पहिला काऊन?"

"मोठा आहे म्हणून."

"आन् माझं फूल?"

बापूराव रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "बाई, खरं सांगतो. तुमच्या फुलात काय मोजायचं हेच मला ठाऊक नाही. मोठं ते चांगलं, असं आजवर चालत आलं. तुमच्याकडे दुसरी रीत असेल तर घेऊन या. मी ऐकून घेईन."

गिरजाबाईंनी ते शब्द पदराला बांधून घरी आणले. त्यांचे यजमान हरिदास फॅक्टरीत टर्नर होते. त्यांनी विचारलं, "उत्तेजनार्थ म्हणजे काय असते?"

"म्हणजे आज घरी जा," गिरजाबाई म्हणाल्या. "पण मी काही घरी बसत नाई."

त्या बसल्याही नाहीत. महिनाभरात नागपूरला जाऊन शेतकी कॉलेजच्या लायब्ररीत त्यांनी ऑर्किडवरचं एक जाडजूड पुस्तक पालथं घातलं. परदेशात फुलाला शंभरापैकी गुण देतात, हे त्यांना तिथं कळलं. आकाराला इतके, रंगाला इतके, दांडीवर फुलं कशी बसली आहेत त्याला इतके. आणि एक गोष्ट त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. दोन जातींच्या संकरातून नवं झाड केलं, तर त्याला त्याच्या आई-बापांच्या शेजारी ठेवून पाहायचं. त्यांच्याहून सरस नसेल, तर नुसतं नवं असण्याला किंमत नाही. गिरजाबाईंचे वडील रामाजी राजुऱ्याकडच्या खाणीत कोळसा भरत. स्वतः अंगठा उठवून त्यांनी लेकीला मॅट्रिक केलं, मग नागपूरला पुढं शिकवलं. त्यामुळे ही कसोटी गिरजाबाईंना काही परकी वाटली नाही. त्या स्वतः तिच्यातूनच आल्या होत्या.

नुसत्या मापाच्या रीतीनं भागणार नव्हतं. मापायला झाडही जगायला हवं होतं. चांद्याच्या मे महिन्यात माणसाची लाही होते, तिथं शिलाँगच्या झाडाची काय कथा! पण इथल्या रानातही एक ऑर्किड होतंच. त्यांचा धाकटा भाऊ लहानू गडचिरोलीच्या पलीकडे, धानोऱ्याच्या रानातल्या एका गावी शाळामास्तर होता. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेल्या असताना गावाबाहेरच्या मोहाच्या झाडावर त्यांनी ते पाहिलं होतं. पिवळट तपकिरी, चौकटीचौकटीच्या पाकळ्या, त्यांच्या मध्ये गडद जांभळी जीभ. फूल लहान, पण वास असा की विहिरीवर पाणी ओढताना यायचा. गावातले लोक त्याला नुसतं बांदा म्हणत. मोहाची पानं झडलेली, वर सूर्य आग ओकतोय, आणि हे बेटं भर उन्हात फुललेलं. त्या झाडाची चिवट जात आणि त्या निळ्या फुलाचा रंग, दोन्ही एका झाडात आणायचं, असं गिरजाबाईंनी मनाशी ठरवलं.

अडचण अशी, की निळं फुलायचं थंडीत आणि बांदा फुलायचा उन्हाळ्यात. मग त्यांनी निळ्या फुलातले परागाचे गोळे काडीनं अलगद काढले. मोहरीएवढे पिवळे दाणे. ते कोरड्या बाटलीत, कापसावर ठेवले आणि बाटली दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवायची डॉक्टरांकडे परवानगी मागितली.

"माझ्या लसींच्या वाटेला जाऊ नका म्हणजे झालं," डॉक्टर म्हणाले.

एप्रिल उजाडला. गिरजाबाईंनी निळ्या झाडाभोवती ओली पोती बांधली, दिवसातून चारदा पाणी शिंपडलं. तरी पान पिवळं पडायचं आणि गळायचं. मे लागला तेव्हा नुसतं खोड उरलं होतं, आणि मग तेही वाळलं. हरिदास टोपलीकडे पाहत म्हणाले, "गेलं. आता?"

"आता काय? पराग हाय ना," असं म्हणून गिरजाबाईंनी पिशवी भरायला घेतली.

थर्मासमध्ये बर्फ, बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली बाटली, आणि थर्मास मांडीवर. भद्रावतीहून चांदा, तिथून मूल गाव, मग वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली. गडचिरोली अजून वेगळा जिल्हा व्हायचा होता. पुढच्या गाडीत रानाच्या तोंडाशी पोलिसांनी एसटी थांबवली. नक्षल्यांची बातमी होती, जो तो सामान उघडून दाखवत होता. शिपायानं थर्मासवर काठी टेकवली.

"यात काय?"

"फुलाचे पराग हाय, भाऊ. हळू उघडा, ऊन लागन."

शिपायानं झाकण काढलं, आत पाहिलं, बाटली उजेडात धरून हलवली. गिरजाबाईंचा जीव टांगणीला लागला. बाटलीतले दाणे या टोकाहून त्या टोकाला घरंगळले. "एवढ्यासाठी इतका बर्फ?" असं म्हणत त्यानं बाटली परत टाकली आणि झाकण लावलं. गाडी सुटेपर्यंत गिरजाबाईंनी थर्मास पदराखाली घट्ट धरून ठेवला होता.

गावात पोचल्यावर मात्र खरी अडचण समोर आली. तो मोह देवाचा होता. त्याच्या बुंध्याशी गावचा देव होता आणि पत्रू हा गावचा गायता, म्हणजे देवाचं सगळं करणारा. त्याची बायको बुधरी हात कमरेवर ठेवून झाडासमोर उभी राहिली. ती गोंडीत बोलत होती आणि लहानू ते मराठीत सांगत होता.

"ते म्हणते, शहरातले लोक येतात, पाहतात, मंग झाड ओरबाडून नेतात. या मोहाचं आमी पानसुदा तोडत नाई."

"तिले सांग, मी न्यायले नाई आली. द्यायले आली." गिरजाबाईंनी बाटली पुढे केली. एका जातीचा पराग दुसरीला लावला की शेंग धरते, तिच्यातून दोघांचं लेकरू निघते, हे त्यांनी सावकाश समजावलं.

पत्रू ऐकता ऐकता हसायला लागला. "म्हंजे फुलाचं लगन लावायले आली तू, बाई?"

"होय भाऊ. नवरदेव थर्मासात हाय."

आता बुधरीही हसली. पण पत्रूनं अट घातली. नवरी सासरी जाणार नाही. शेंग देवाच्या मोहावरच वाढेल, वेळ आली की देवाला विचारून तोच ती काढील आणि झालेल्या लेकरांतली काही गावात परत येतील. गिरजाबाईंनी तिथल्या तिथं हो म्हटलं. मग पदर खोचून त्या शिडीवर चढल्या आणि काडीच्या टोकानं निळा पराग बांद्याच्या फुलात ठेवला. एका दांडीवर तीन फुलांना. चौथ्या दिवशी दोन गळून पडली. तिसऱ्याचा देठ मात्र हिरवा राहिला आणि फुगायला लागला.

सारा पावसाळा ती शेंग गावानं राखली. वानरं चढू नयेत म्हणून बुधरीनं बुंध्याला बाभळीच्या फांद्या बांधल्या. एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या तोंडून लहानूचा निरोप भद्रावतीला पोचायचा: शेंग हाय. कधी आठ दिवसांनी, कधी महिन्यानं, पण निरोप तोच. फेब्रुवारीत पत्रूनं देवाला सांगून शेंग काढली. बोटाएवढी, अजून हिरवी. गिरजाबाईंनी ती ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणली.

ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ. त्याच्यात स्वतःपुरतंही खाणं नसतं, म्हणून ते बाटलीत खाऊ घालून वाढवावं लागतं. दवाखान्यातल्या रिकाम्या सलाइनच्या बाटल्या गिरजाबाईंनी मागून आणल्या होत्या. साखर, नारळाचं पाणी, कुस्करलेलं केळं आणि जंतू वाढवायला लॅबमध्ये लागतं तेच अगर नावाचं जेलीसारखं द्रव्य, असं शिजवून प्रेशर कुकरमध्ये सगळं निर्जंतुक केलं. हरिदासनी जुन्या शोकेसच्या काचा बसवून एक पेटी बनवून दिली होती. तिच्यात हात घालून, स्पिरिटच्या ज्योतीवर चिमटा तापवून गिरजाबाईंनी बी पेरलं. पंधरा दिवसांत बहुतेक बाटल्यांत काळी बुरशी धरली. त्या बाटल्या उकळून, धुऊन, पुन्हा भरून त्यांनी उरलेलं बी पेरलं. या वेळी काही बाटल्या साफ राहिल्या. महिना-दीड महिन्यानं एका सकाळी हरिदास चहाचा कप घेऊन बाटलीशी गेले आणि तिथूनच ओरडले, "अवं, इथी हिरवं दिसून राह्यलं!"

इकडं दुसरं कामही चाललंच होतं. ब्याऐंशीच्या डिसेंबरात बापूराव आले, तेव्हा गिरजाबाईंनी त्यांच्यापुढे शंभर गुणांची रीत मांडली होती. दोघं क्लबच्या ओट्यावर चहा निवेपर्यंत भांडले. बापूराव म्हणाले, गोऱ्यांची रीत जशीच्या तशी कशाला? गिरजाबाई म्हणाल्या, बरं, तुमची लावा, पण कोणती तरी लावा. अखेर त्या वर्षी एकच नियम झाला: प्रत्येक फूल उलटं करून पाहायचं.

त्या एका नियमानं गुणाबाईंचा डेलिया तिसरा आला. गुणाबाई गिरजाबाईंच्या शेजारच्याच ओळीत राहत. त्यांनी बोलणं टाकलं. नळावर समोरासमोर आल्या तरी बादलीकडे पाहायच्या. पण बाई हार खाणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी त्यांनी झाडावर मोजक्याच कळ्या ठेवल्या, खत बदललं, फूल पिकायच्या आधी कापलं. हॉलमध्ये येऊन फूल ठेवलेली बाटली टेबलावर आदळली.

"घ्या! उलटा करा, सुलटा करा, जसा पाह्याचा तसा पाहा."

मागची पाकळीही पुढच्याइतकी ताजी होती. बापूरावांनी टोपी काढली. त्या वर्षापासून कॉलनीतला एकूण एक डेलिया सुधारला. बापूराव गिरजाबाईंना म्हणाले, "पाहिलंत? आपण ज्याला गुण देतो, तेच लोक वाढवतात. फार जपून द्यायला हवेत."

मग दरसाल नियम घासूनपुसून घेण्याची रीतच पडली. झाडाच्या तब्येतीला गुण आले, दांडीच्या मांडणीला आले. कॉलनीत आणखी काही जणांनी ऑर्किडं आणली, तेव्हा पंच्याऐंशीत त्यांचा वेगळा गट झाला. त्याचे गुण ठरवताना वासाचा विषय निघाला. बापूराव म्हणाले, "नाकाला टेप कसा लावायचा? एकाला जो आवडतो, तो दुसऱ्याला सोसत नाही. भांडणं होतील." गिरजाबाईंनाही ते पटलं. वास सोडून दिला आणि गोल, सपाट, भरलेल्या पाकळीला सगळ्यांत जास्त गुण ठेवले.

रोपं बाटलीतून बाहेर आली, तेव्हा गिरजाबाईंचा वऱ्हांडा पुरेना. गुणाबाई एक दिवस आपण होऊन कुंपणाशी आल्या. "द्या काही इकडं. माझ्याकडं सकाळचं ऊन येते." त्यांना काही रोपं दिली. काही घेऊन गिरजाबाई धानोऱ्याच्या रानात गेल्या. पत्रूनं ती देवाच्या मोहावर नाही, पण शेजारच्या मोहावर आपल्या हातानं बांधली. "गावाची नातवंडं हायेत," तो म्हणाला. "आईच्या जवळ राहू दे."

मग नुसती वाट पाहणं. एक उन्हाळा, दुसरा उन्हाळा. दरसाल काही रोपं उन्हानं जायची आणि जी राहायची ती राहायचीच. पाहुणे विचारायचे, हे फुलते कधी? हरिदास सांगायचे, "आमच्या रिटायरमेंटच्या आत."

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात गिरजाबाईंच्या एका झाडाला दांडी आली. पहिली कळी उघडली, तेव्हा हरिदास अर्ध्या दाढीनिशी शेजाऱ्यांना बोलवायला धावले. फूल तळहाताएवढं, गोल, सपाट, जणू इस्त्री केलेलं. निळ्यात जांभळा मुरलेला आणि त्यावर ती रेघांची जाळी. चांद्याचे इतके उन्हाळे काढून आलेलं फूल. लोक वाहवा करत होते. गिरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळे गेल्यावर त्यांनी खाली वाकून फुलाशी नाक नेलं.

वास नव्हता.

ऊन चढल्यावर येईल म्हणून दुपारी पाहिलं. दुसरी कळी उघडल्यावर पाहिलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. काहीच नाही. विहिरीपर्यंत येणारा तो वास या फुलात उतरलाच नव्हता. त्याच आठवड्यात गुणाबाईंनी हाक मारली. त्यांच्याकडचं झाड फुललं होतं. एकाच शेंगेतलं, सख्खं भावंड. फूल लहान, पाकळ्या जराशा पिळलेल्या, रंग निळ्यापेक्षा राखेकडे झुकणारा. पण जीभ गडद जांभळी, आणि वऱ्हांड्याच्या पायरीवर पाय ठेवताच वास आला. गिरजाबाई तिथंच थबकल्या.

"काय झालं?" गुणाबाईंनी विचारलं.

"काई नाई. वास घेऊन राह्यली."

घरी येऊन त्या जेवणघरात बसून राहिल्या. छापलेल्या नियमांनी त्यांचं फूल हसत हसत पहिलं येणार होतं. नियम त्यांचेच होते. आणि तीच गोष्ट सलत होती. पहिलं येईल त्याचाच पराग लोक मागायला येतील. गुणाबाईंचं झाड कोपऱ्यात पडेल. आणखी दोन पिढ्यांनी निळी, गोल, मोठी फुलं होतील आणि एकालाही वास नसेल. पुण्या-बेंगलोरहून लोक गुलाबाची नवी कलमं मागवत, त्यांचं असंच झालं होतं. ताटव्यात गुलाब आणि नाकाला काही नाही. पिढीगणिक चांगलं व्हावं म्हणून घातलेल्या नियमानंच ते वाईट होणार होतं.

हरिदास म्हणाले, "आता तुझा पहिला नंबर कोणी रोखत नाई."

"रोखायचा तर मलेच रोखावा लागन," गिरजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं.

हरिदासनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "सात वर्सं पोती ओली केली आपण. लोकं तुले येडी म्हणतीन."

"म्हणू दे."

"मलेसुदा तसंच वाटून राह्यलं," हरिदास म्हणाले आणि उठून बाहेर गेले. त्यांचं मन दुखावलं होतं. गिरजाबाईंना ते दिसत होतं. पण दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या नागपूरच्या गाडीत बसल्या.

बापूराव आता थकले होते. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पटतं. पण प्रदर्शन तोंडावर आलंय. पुढच्या वर्षी बदलू. यंदा बक्षीस घ्या, तुमचा हक्क आहे."

"यंदा घेतलं तर पुढच्या साली माझं कोण ऐकन? म्हणतीन, सोताचं झालं, आता दुसऱ्याले आडवी येते."

"आणि वास मोजायचा कसा? तो प्रश्न तर आहे तिथंच आहे."

गिरजाबाईंनी वाटेत त्याचा विचार केला होता. "चांगला का वाईट, हे इचारायचंच नाई. तीन माणसं, डोळे बांधलेले, एकएक करून येतीन. वास हाय का नाई आन् किती लांबून येते, एवढंच सांगतीन. आन् संकराचं झाड असन तर आई-बापातलं काय आलं, काय गेलं, ते पाह्यचं. गोलाईचे गुण कमी करून तिथी द्यायचे."

बापूराव हसले. "टेप मी खिशात ठेवला, तेव्हाच घरी बसायला हवं होतं." पण तिथल्या तिथं त्यांनी क्लबच्या सेक्रेटरींना फोन लावला.

क्लबच्या बैठकीत खडाजंगी झाली. ऑर्किडच्या गटात ज्यांची झाडं येणार होती, त्या सगळ्यांनी हो म्हटलं तरच नियम बदलेल, असं सेक्रेटरी म्हणाले. एकेक जण हो म्हणाला. गुणाबाई मात्र डोळे बारीक करून बसल्या.

"इतक्या उशिरा नियम बदलायचा, म्हणजे यात काईतरी डाव असन. काय हाय, गिरजाबाई?"

"डाव कायचा? या नियमानं तुमचं फूल पहिलं येईन, असं दिसते."

गुणाबाईंनी एकदा सेक्रेटरीकडे, एकदा गिरजाबाईंकडे पाहिलं. "खरं सांगून राह्यल्या?"

"वास घेतला तेव्हाच समजलं मले."

"मंग मी हो म्हणते," गुणाबाई म्हणाल्या. "आन् लाजणार नाई, सांगून ठेवते."

प्रदर्शनाच्या दिवशी क्लबच्या हॉलमध्ये कधी नव्हे इतकी गर्दी झाली. टॉवेलानं डोळे बांधलेली माणसं टेबलाकडे चाचपडत येताना पाहून लोक हसून लोळले. पहिला होता फॅक्टरीचा फायरमन. तो गुणाबाईंच्या टोपलीपासून चांगला दोन हात लांब थांबला आणि म्हणाला, "आला." गिरजाबाईंच्या फुलाला त्याचं नाक लागायची वेळ आली तरी तो पुढेच सरकत होता. हसू थांबलं. पुढच्या दोघांचंही तसंच झालं.

बापूरावांनी गुण वाचून दाखवले. गुणाबाईंचं फूल थोड्याच गुणांनी पहिलं आलं, गिरजाबाईंचं दुसरं. हे असंच होणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी सात वर्षांच्या मेहनतीचं झाड समोर होतं, हॉलमधलं सगळ्यांत देखणं फूल त्यावर होतं, आणि टाळ्या दुसरीकडे वाजत होत्या. गुणाबाई खरोखरच लाजल्या नाहीत. बक्षिसाची ढाल छातीशी धरून त्यांनी दोनदा फोटो काढून घेतला.

बापूराव काठी टेकत गिरजाबाईंपाशी आले. "फूल म्हणून तुमचं उत्तम. संकर म्हणून अर्धं. हे मी बोलायला हवं होतं, पण त्याआधी तुम्हीच बोलून गेलात." मग म्हणाले, "हे माझं शेवटचं प्रदर्शन. डोळे साथ देत नाहीत. पुढच्या वर्षीपासून या गटाचं परीक्षण तुम्ही करा. सेक्रेटरींशी बोललोय मी."

"मंग माझं झाड स्पर्धेत ठेवता येणार नाई."

"नाही येणार."

गिरजाबाईंनी एकदा आपल्या टोपलीकडे पाहिलं. "चालन," त्या म्हणाल्या.

हरिदास त्या दिवशी टोपली घरी आणून वऱ्हांड्यात टेकवून सरळ आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी आपण होऊन दाढीच्या पेटीतला बारीक चिमटा काढून टेबलावर ठेवला. "काडीपेक्षा हा बरा," एवढंच म्हणाले. गिरजाबाईंनी तो स्पिरिटनं पुसला आणि झाड घेऊन कुंपणापलीकडे गेल्या. गुणाबाई वऱ्हांड्यात उन्हाला बसल्या होत्या.

"तुमच्या फुलाचा वास आन् माझ्याचा रंग," गिरजाबाई म्हणाल्या. "एकात आणायचा हाय."

"अजून सात वर्सं?"

"कमी नाई लागणार."

गुणाबाईंनी दोन्ही झाडं शेजारी शेजारी ठेवून न्याहाळली. "शेंग माझ्या झाडावर धरायची. तुमच्यानं राखण होत नाई, तुमी दवाखान्यात असता."

"तुमच्याच झाडावर. पण पोती दिवसातून चारदा ओली करावी लागतीन."

"मले शिकवू नका," गुणाबाई म्हणाल्या आणि दांडी हातानं स्थिर धरली. "लावा."

गिरजाबाईंनी श्वास रोखला आणि चिमट्यातला पिवळा दाणा फुलाच्या आत ठेवला.